ऐकू येते ती पावती

महागड्या डॅकच्या मालकाला त्याच्या डॅकबद्दल मत विचारू नये. तो मत देत नाही, जबानी देतो. आणि या खटल्यात फिर्यादी तोच, पंच तोच, न्यायाधीशही तोच. ‘पडदा बाजूला झाला.’ ‘मागचं सगळं काळंभोर झालं, त्यातून वाद्यं वर येतात.’ ‘वीस वर्षं ऐकलेली गाणी, पण आत्ता कळली.’ डॅक दोन लाखांचा असो की वीस लाखांचा, वाक्यं हीच. गंमत म्हणजे पंधरा हजारांचा होता तेव्हाही हीच होती. तेव्हाच जर पडदा बाजूला झाला होता, तर आता कुठला झाला? एका खिडकीला पडदे असून असून किती असणार?

धाराशिवात महागड्या यंत्रांवर गाणी ऐकायच्या या छंदाची माणसं मोजकीच. एक डॉक्टर, एक रस्त्यांची कामं घेणारे ठेकेदार, एक निवृत्त प्राध्यापक, आणि पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेली, शनिवार-रविवार गावी येणारी दोन-तीन पोरं. सगळी भली माणसं. यांच्या खोल्यांत मी मनसोक्त गाणी ऐकली आहेत, फुकटचा चहा प्यालो आहे. म्हणून तर बोलायचा हक्क आहे. आणि आधीच सांगतो, ‘मराठवाड्यात टँकर चालू असताना लाखाचा डबा कशाला’ हा रडका मुद्दा माझा नाही. पैसा ज्याचा त्याचा. कुणी घोडा घ्यावा, कुणी अंगठ्या घालाव्यात. माझं भांडण खर्चाशी नाही, त्या खर्चानंतर दिल्या जाणाऱ्या साक्षीशी आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाणं आता आकड्यांत साठवलेलं असतं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. हे आकडे वाचून त्यांचा कमीजास्त होणारा विजेचा दाब करायचा आणि पुढे ॲम्प्लिफायरकडे द्यायचा, हे डॅकचं काम. तुमच्या मोबाइलमध्ये तो आहे, टीव्हीत आहे, गाडीच्या स्टिरिओतही आहे. छंदवाल्यांना तो वेगळ्या डब्यात, वेगळ्या वीजपुरवठ्यासह आणि जाड ॲल्युमिनियमच्या कवचात लागतो.

१९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा हे काम खरोखर अवघड होतं. चिप महाग, फिल्टर बेभरवशाचे. त्या काळात दोन यंत्रांत फरक ऐकू आला असेल तर मी वाद घालणार नाही. पण त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आज मोबाइलला हेडफोन जोडायची जी शेपटीएवढी तार मिळते, तिच्या आतल्या डॅकचा गोंगाट आणि विरूपता मोजणाऱ्यांनी मोजून पाहिली आहे. दोन्ही कानाला कळण्याच्या पातळीच्या खाली निघतात. महागडी यंत्रं वाईट असतात असं मुळीच नाही. इंग्लंडच्या कॉर्ड कंपनीच्या डेव्ह नावाच्या डॅकमध्ये १,६४,००० टॅपचा, म्हणजे गणितातल्या तेवढ्या गुणाकारांचा, फिल्टर आहे, आणि एवढ्याने समाधान न होणाऱ्यांसाठी एम स्केलर म्हणून आणखी एक डबा आहे, त्यात दहा लाखांहून जास्त टॅप आहेत. गणित म्हणून हे सुंदर आहे, कारागिरी म्हणून वाखाणण्यासारखं आहे. प्रश्न एवढाच की हे ऐकणार कोण?

कारण कान आपलेच आहेत. १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलची मजल मावते, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यांतलं अंतर. रात्री पंखा बंद करून, खिडक्या लावून बसलं तरी आपल्या घरात तीस-पस्तीस डेसिबलची कुरकुर असतेच. पस्तीसवर ९६ चढवा, १३१ होतात. एवढ्या आवाजात गाणं ऐकत नाहीत, कानावर हात ठेवून पळतात. म्हणजे सीडीची मजलच आपल्या खोलीत पुरती उलगडत नाही. आणि एप्रिलमध्ये कूलर लावून बसलेले गृहस्थ मला सांगणार की यांच्या नव्या डॅकची मजल १२५ डेसिबलची आहे, म्हणून शांतता जास्त काळी वाटते! तीच कथा १९२ किलोहर्ट्झच्या फायलींची. त्यांत ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा सूर मावतो. तरुण, निरोगी कानाची हद्द २०. पन्नाशी उलटलेल्या बहुतेक पुरुषांची त्याहून किती तरी खाली, आणि ज्याने ऐन जवानीत मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर हात वर करून नाच केला त्याचं तर विचारूच नका. वरचा सगळा ऐवज ऐकायचा तर धाराशिव लेण्यांतली वटवाघळंच घरी बोलवावी लागतील.

प्राध्यापक महाशय यावर कागद घेतात आणि जिना काढून दाखवतात. ‘बघा, डिजिटल म्हणजे पायऱ्या. मूळ लाट गोल, ही अशी तुटक. आकडे वाढवले की पायऱ्या बारीक होतात, चांगला डॅक त्या गुळगुळीत करतो.’ इतिहास शिकवण्यात हयात गेली म्हणून त्यांना माफ. पायऱ्या डॅकमधून बाहेर पडतच नाहीत. ठरावीक वारंवारितेच्या आतली लाट, तिच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले तर, त्या नमुन्यांवरून पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात गणिताने मांडून ठेवलं आहे. ‘जवळपास तशीच’ नव्हे, तीच. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “गणित ठीक आहे हो, पण संगीत म्हणजे गणित नाही.” यापुढे बोलणं खुंटतं.

मंडळींची लाडकी साक्षीदार म्हणजे बायको. ‘हिला यातलं ओ की ठो कळत नाही, पण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, आज काही तरी वेगळं लागलंय.’ हे वाक्य मी धाराशिवात ऐकलं, सोलापुरात ऐकलं, पुण्यात कोथरूडलाही ऐकलं. परदेशातल्या ऑडिओफाइलांच्या बायकाही नेमक्या स्वयंपाकघरातूनच येतात असं दिसतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, नळाचं पाणी या सगळ्यांतून त्यांना डॅकचा बदल कळतो आणि समोर सोफ्यावर बसलेल्या माझ्यासारख्याला कळत नाही. ठेकेदारांच्या वहिनींना मी शेवटी सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, नवं खोकं आलं की म्या आपलं आधीच म्हणते, लई भारी वाजतंय. न्हाई म्हणलं की हे रातभर दोन्ही लावून दाखवत्यात.”

याच ठेकेदारांनी सिस्टीमसाठी स्वतंत्र अर्थिंग करून घेतलं आहे. अंगणात खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, सगळं रीतसर. वीज अंगावर येऊ नये म्हणून अर्थिंग हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण खड्डा कोरडा पडला की बेस सैल होतो, असा यांचा अनुभव आहे. तेव्हा भर उन्हाळ्यात, गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असताना, त्या खड्ड्यात रोज संध्याकाळी बादली ओतली जाते. शेजारच्या आजींना वाटतं तिथे तुळस लावलेली आहे.

या सगळ्यावर एक साधा इलाज आहे आणि तोच या जमातीला सगळ्यात नकोसा वाटतो: न बघता ऐका. कुठलं यंत्र चालू आहे हे ठाऊक नसताना सांगा. २००७ साली ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट, एकदा मधे सीडीच्या १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून गाळून ऐकवायचा, आणि ओळखायला सांगायचं. ५५४ वेळा विचारलं. बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. मालक मंडळी याला उत्तर म्हणून लंडनच्या जोशुआ राइस यांचा २०१६ चा अभ्यास पुढे करतात. करावा की! राइस यांनी अठरा प्रयोग एकत्र केले, साडेबारा हजारांहून जास्त उत्तरं तपासली, आणि ओळखणाऱ्यांचं प्रमाण भरलं ५२.३ टक्के, ज्यांना आधी शिकवून तयार केलं होतं त्यांचं त्याहून बरं. म्हणजे असलाच फरक तर तो शंभरात दोन-अडीच उत्तरांचा, तोही लक्ष देऊन, कान टवकारून. ‘पडदा बाजूला झाला’ याची ही मोजलेली रुंदी आहे.

स्टिरिओफाइल हे अमेरिकन मासिक १९६२ साली जे. गॉर्डन होल्ट यांनी काढलं. कानाने ऐकून यंत्रं पारखायची रीत रूढ करणारा हा माणूस. म्हातारपणी त्यांनीच सांगून टाकलं की प्रामाणिकपणाची साधी चाचणी, म्हणजे झाकून ऐकणं, नाकारल्यापासून या छंदाची बाहेरच्या जगात पत गेली. घरातल्या थोरल्याने असं बोलल्यावर लोकांनी काय करावं? त्यांचा फोटो लावला आणि केबलच्या जाहिराती छापत राहिले.

आणि २०२२ चा तो कॅलिफोर्नियाचा किस्सा तर शाळेत शिकवावा असा आहे. मोबाइल फिडेलिटी ही जुन्या गाण्यांच्या महागड्या तबकड्या काढणारी नावाजलेली कंपनी. डिजिटलचा वास नको म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांचं हे पंढरपूरच. मूळ टेपवरून थेट तबकडी, मधे आकडे नाहीत, असं गिऱ्हाईक धरून चाललं होतं. ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार प्रती निघणार म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप इतक्या वेळा फिरवतील कशी? ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या माइक एस्पोसितो या तबकडी-दुकानदाराने लावून धरलं, तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांनी कबूल केलं की मधे डिजिटल पायरी आहे, आणि २०११ पासून कित्येक तबकड्यांत आहे. अकरा वर्षं! अकरा वर्षं जगातले सर्वांत तयार कान त्या तबकड्यांतली ‘अस्सल ॲनालॉग ऊब’ वर्णन करत होते. त्यांच्यातल्या एकालाही ऐकून कळलं नाही. कळलं ते सांगितल्यावर. मग खटले झाले, कंपनीला भरपाई द्यावी लागली; कंपनीची चूक होतीच. पण त्या कानांकडून भरपाई कुणी मागितली?

आता आमच्या डॉक्टरांकडे येतो. दवाखान्याच्या वर त्यांची गाण्याची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खाली सतरंजी, समोर माणसाएवढे स्पीकर. नवा डॅक आला तेव्हा जुना, आठ हजारांचा, त्यांनी ‘चिनी पत्रा’ म्हणून बाजूला काढला होता. मी म्हटलं, दोन्ही जोडा, मधे एक स्विच टाका. ते तयार झाले, कारण त्यांना खात्री होती. खात्री असलेला माणूस दिलदार असतो.

मी इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा मल्टिमीटर नेला होता. हा मीटर घरच्या विजेसाठी केलेला, त्यामुळे ५० हर्ट्झला तो खरं बोलतो. ५० हर्ट्झचा सूर लावला आणि आधी डॅकच्या पाठीमागे व्होल्ट मोजले. जुना २ व्होल्ट देत होता, नवा अडीच. झालं, अर्धा खटला तिथेच निकालात निघाला. अडीचला दोनने भागा. नवा डॅक सुमारे २ डेसिबल मोठा वाजत होता. आवाज एवढा चढला की माणूस ‘मोठा झाला’ म्हणत नाही, ‘उघडा झाला’ म्हणतो, ‘भरदार झाला’ म्हणतो, ‘तबल्याच्या शाईवर बोट दिसलं’ म्हणतो. आठ हजारांच्या डॅकचं बटण किंचित पिळलं असतं तरी बोट दिसलं असतं. मग स्पीकरच्या तारांवर मीटर धरून दोन्ही अगदी समसमान केले, स्विचवर टॉवेल टाकला आणि तो फिरवायला खालून कंपाउंडरला बोलावलं. डॉक्टर डोळे मिटून बसले. सुरुवातीला ‘नवा’, ‘जुना’, ‘नवाच’ असं कंपाउंडरला औषध सांगावं तसं पटापट सांगत होते. पुढे पुढे उत्तराआधी वेळ लागू लागला. मग ‘परत लाव’ सुरू झालं. मग कपाळाला हात. अखेर कंपाउंडरची वही पाहिली तर निम्मी बरोबर, निम्मी चूक, वर थोडं इकडेतिकडे.

आणि मग सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. स्विचच्या डब्याने दोन्हींचा आवाज सारखाच बिघडवला. परीक्षेचा ताण येतो, ताणात कान मिटतात. फरक असा लगेच कळत नाही, महिनाभर राहावं लागतं त्याच्यासोबत. मी विचारलं, पहिल्या दिवशी तर वहिनींनासुद्धा लगेच कळला होता ना? त्यावर कंपाउंडर हसला, आणि त्याला खाली पाठवण्यात आलं.

मला राग येतो तो याचा. हा माणूस एमडी आहे. गोळी खरी की खोटी हे ना रोग्याला ठाऊक ना देणाऱ्याला, अशी चाचणी झाल्याशिवाय औषधाचा गुण मानायचा नाही, हे याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. खेड्यातून येणारा म्हातारा हट्टाने म्हणतो, ‘सुई नको डॉक्टर, सलाईनच लावा, त्याबिगर अंगात ताकत येत न्हाई,’ तेव्हा हाच खाली बसून त्याला समजावतो की बाबा, त्यात मीठ-पाणी आहे, बरं वाटतं ते वाटण्याने. जिना चढून वर आला की याला स्वतःला सलाईन लागतं. वर, ज्याला फरक ऐकू येत नाही त्याची कीव करतो. ‘तुमचे कान अजून तयार नाहीत.’ बरं. मग तयार कान टॉवेलखालचा स्विच ओळखायला का कचरतात?

बरं, या यंत्रांवर लावतात काय? तर गीतरामायण. १९५५ साली पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेलं. त्या काळच्या टेपची मजल फार तर ६० डेसिबलच्या आसपास. किंवा अब्दुल करीम खाँ, जे १९३७ ला गेले. तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्या, वर सात-आठ किलोहर्ट्झच्या पुढे खरखरीशिवाय काही नाही. यांतला सूर अमृताचा आहे, वाद नाही. पण तो सोळा बिटांत दहादा मावतो. त्यासाठी दहा लाख टॅप लावणं हा खाँसाहेबांचा आदर नव्हे, त्यांचा फक्त उपयोग करून घेणं आहे.

ठेकेदारांचा जीव आराधी गाण्यांवर आणि गोंधळावर. तुळजापूर वीस-बावीस किलोमीटरवर, घरात देवीचं सगळं, त्यामुळे ते आलंच. त्यांच्याकडची फाइल म्हणजे नव्वदच्या दशकातली कॅसेट कुणी तरी संगणकात उतरवलेली, मग १२८ केबीपीएसची एमपीथ्री केलेली, मग मोबाइलवरून मोबाइलवर फिरलेली. ती हे चार लाखांच्या डॅकवर लावतात आणि म्हणतात, संबळ खोलीत आल्यासारखा वाटतो. एकदा त्यांच्याकडे एक वयस्कर गोंधळी आलेले होते, जागरणाची तारीख ठरवायला. मालकांनी हौसेने त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, दिवे मंद केले, गाणं लावलं. आम्ही सगळे ‘आता काय म्हणतात’ म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहतोय. त्यांनी अर्धं कडवं ऐकलं आणि म्हणाले, “मालक, ह्यो धाकला संबळ उतरलाय की. अन् तुणतुणं त्येच्याशी जमंना.” ठेकेदार म्हणाले, “आवाज कसा आहे, मामा?” ते म्हणाले, “त्येच सांगायलोय न्हवं. उतरलाय.”

मी घरी जाऊन तेच गाणं मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर लावलं. संबळ उतरलेलाच होता. तिथेही स्वच्छ कळत होता. चार लाखांच्या खोलीत वर्षभर तो कुणालाच कळला नव्हता, कारण खोलीतलं कुणी संबळ ऐकत नव्हतं. सगळे डॅक ऐकत होते.

संबळाचा ठोका फार कडक असतो, काठी कातड्यावर पडते त्या क्षणी आवाज एकदम उसळतो. रेकॉर्डिंग करणाऱ्याने पातळी जरा जास्त ठेवली की तो ठोका माइकपाशीच फाटतो, आणि एकदा फाटला की पुढे पन्नास लाखांचं यंत्र लावलं तरी शिवता येत नाही. म्हणजे पैसा घालायची जागा दुसऱ्या टोकाला आहे. दहा-पंधरा हजारांत दोन माइकचा बरा रेकॉर्डर मिळतो. नवरात्रात तुळजापुरात, पुढे गावोगावच्या जागरणात तो घेऊन बसलं, तर या जिल्ह्याचा अस्सल आवाज नीट उतरवून ठेवता येईल. मी हे आमच्या मंडळींना सुचवलं. प्राध्यापक म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण रेकॉर्डरचा आतला डॅक काय दर्जाचा असतो?

तेव्हा आता माझी जाहीर पैज. धाराशिव, लातूर, सोलापूर, जिथला कुणी मालक असेल त्याने आपला डॅक आणावा. खोली त्याची, स्पीकर त्याचे, गाणी त्याची. मी आठ हजारांचा पत्रा आणि मल्टिमीटर आणीन. दोन्हींची पातळी समान करू, स्विचवर टॉवेल टाकू, आणि ताण येऊ नये म्हणून हवा तेवढा वेळ, हवं तर आठवडाभर घ्यावा. वीस वेळा विचारणार. पंधरा बरोबर आली तर मी हरलो. नुसत्या नशिबाने पंधरा जमायची शक्यता साधारण दोन टक्के, म्हणजे अट काही जाचक नाही. हरलो तर हा लेख मागे घेऊन त्याच्या डॅकची स्तुती माझ्या सहीने छापीन. जिंकलो तर त्याने एक रेकॉर्डर घ्यायचा आणि त्या गोंधळी मामांना दोन्ही संबळ चढवून, पुरती बिदागी देऊन, नीट रेकॉर्ड करायचं.

तोंडी निरोप सगळ्यांना गेलेत. डॉक्टर म्हणाले, त्यांचा डॅक सध्या पुण्याला अपग्रेडसाठी गेलाय. पुण्याच्या पोरांपैकी एकाचा डॅक नवाकोरा आहे, त्याला अजून पाचशे तास वाजून मोकळं व्हायचंय. ठेकेदार तयार आहेत, पण पाऊस पडून अर्थिंगचा खड्डा भिजल्यावर. प्राध्यापकांनी मात्र लगेच फोन केला. टॉवेल सुती आहे की टर्किश, एवढंच त्यांना आधी कळायला हवं होतं.